‘चुकवले’ नव्हे, ‘चुकते’

प्रश्न असा आला आहे: ‘एरिक बी. आणि राकिम या न्यूयॉर्कच्या जोडीच्या १९८७ सालच्या “पेड इन फुल” या रॅप गाण्यावर मराठीत लेख लिहितो आहे. शीर्षकाचा अर्थ “कर्ज पूर्ण चुकवले” असा दिला तर चालेल का?’

नाही चालणार. ‘कर्ज चुकवले’, ‘मोठी किंमत चुकवावी लागली’ हे रोज बातम्यांत ऐकून कान किटले आहेत. हिंदीतले ‘चुकाना’ उचलायचे, त्याला मराठी प्रत्यय लावायचा आणि पुढे जायचे. मराठीत किंमत मोजतात, कर्ज फेडतात. कर चुकवणारा माणूस कर भरत नसतो, तो बुडवत असतो! ‘त्याने कर्ज चुकवले’ असे वाचल्यावर मराठी माणसाला सावकाराची नजर चुकवून मागच्या दाराने पळणारा कोणीतरी दिसतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

पण त्याच धातूचे ‘चुकता’ हे रूप मात्र अस्सल व्यवहारातले आहे. ‘हिशोब चुकता केला’ म्हणजे पै न पै दिली. विदर्भात कापूस किंवा धान विकल्यावर शेतकरी ज्याची वाट पाहत बसतो तो ‘चुकारा’. चुकार तो काम टाळणारा, आणि चुकारा म्हणजे हातात पडणारे हक्काचे पैसे. एका कान्याचा फरक! चूक, चुकवणे, चुकामूक, चुकार, चुकता, चुकारा ही सगळी एका घरची माणसे कशी?

याचे उत्तर बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या हेमचंद्र या जैन पंडिताकडे आहे. त्याच्या प्राकृत व्याकरणात एक सूत्र आहे. संस्कृत ‘भ्रंश्’, म्हणजे गळून पडणे, ढळणे, या धातूच्या जागी प्राकृतात कोणते धातू येतात ते त्यात दिले आहे: फिड, फिट्ट, फुड, फुट्ट, चुक्क, भुल्ल. ही यादी मोठ्याने वाचा. फिट्ट म्हणजे आपले फिटणे. कर्ज फिटते, पांग फिटतात, डोळ्यांचे पारणे फिटते, अंधार फिटतो. फिड ऐकले की फेडणे आठवते. ऋण फेडतात, नवस फेडतात आणि अंगावरचे वस्त्रही फेडतात. चुक्क म्हणजे चुकणे, भुल्ल म्हणजे भुलणे. मराठी माणसाचा देण्याघेण्याचा निम्मा शब्दसंग्रह या एका ओळीत बसलेला आहे. आपल्या भाषेत कर्ज ही अंगावर चढलेली वस्तू आहे. ‘अंगावर कर्ज आहे’ असेच आपण म्हणतो. ते अंगावरून गळाले की फिटले, आणि खात्यावरून गळाले की चुकते झाले. वाट पायाखालून गळाली तर आपण वाट चुकलो. गळणे तेच, फक्त काय गळले ते वेगळे. ही सूत्राची ओळ मला पहिल्यांदा भेटली त्या रात्री मी झोपलो नव्हतो.

‘च्युत’ म्हणजे गळलेला, त्यात ‘कृ’ मिसळून ‘च्युत्कृ’ असे रूप कल्पायचे आणि त्यातून ‘चुक्क’ ओढून काढायचे, हा काही कोशकारांचा मार्ग मला साफ अमान्य आहे. लोकांच्या तोंडी नांदणाऱ्या प्रत्येक शब्दाला संस्कृत बाप शोधून दिलाच पाहिजे, हा हट्ट कशासाठी? ‘फुट्ट’ला ‘स्फुट्’ आहे, हे कबूल. ‘चुक्क’ देशीच राहू द्या.

आता गाण्याकडे. त्यात राकिमचे एकच कडवे आहे. तो खिशात हात घालतो, पैसे संपलेले; आणखी खोल चाचपतो तर हाताला फक्त कापडाचे तूस लागते. पूर्वी लुटालूट करायचो, आता सरळ नोकरी बघावी, असा विचार करतो. खाली ढोलाचा ठेका आहे तो ‘सोल सर्चर्स’ या अमेरिकी बँडच्या १९७४ च्या एका ध्वनिमुद्रणातून उचललेला, आणि बास गिटारची धून अमेरिकी गायक डेनिस एडवर्ड्सच्या १९८४ च्या गाण्यातली. सुरुवातीला दोघे बोलतात, आपले व्यवस्थापक कोण, कंपनी कोणती ते सांगतात. कडव्यातल्या या माणसाच्या डोक्यावर कोणाचे कर्ज नाही. उलट त्याचेच पैसे येणे आहेत. म्हणून ‘फेडले’ही इथे बसत नाही, कारण ते देणेकऱ्याच्या बाजूचे क्रियापद आहे.

इंग्लंडात हे गाणे गाजले ते ‘कोल्डकट’ या लंडनच्या जोडीच्या सात मिनिटांच्या रीमिक्समुळे. तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते पंधराव्या क्रमांकापर्यंत चढले. एरिक बी.ला ते रीमिक्स आवडले नव्हते. मला मात्र त्यात इस्रायली गायिका ओफ्रा हाझाचा आवाज येतो ती जागा फार मोलाची वाटते. ती गाते ते शालोम शबाझी या सतराव्या शतकातल्या येमेनी ज्यू कवीचे पद आहे: दात्यांची दारे बंद झाली तरी स्वर्गाची दारे बंद होत नाहीत. रिकाम्या खिशाच्या गाण्यात नेमकी हीच ओळ येऊन बसली!

तेव्हा शीर्षकाखाली ‘हिशोब चुकता’ लिहा. लेख विदर्भातल्या वाचकांसाठी असेल तर बेधडक ‘पुरा चुकारा’ लिहा.