वाचकांचे प्रश्न : हसवणाऱ्याचा परवाना कोणाच्या हाती?

अमेरिकेतील रात्रीच्या विनोदी कार्यक्रमांविषयी आलेल्या पत्रांतून या वेळी पाच पत्रे निवडली आहेत. शेवटचे पत्र अमेरिकेविषयी नाही, पण विषय तोच आहे.

प्रश्न : सीबीएस या अमेरिकी वाहिनीने स्टीफन कोल्बेर यांचा रात्रीचा विनोदी कार्यक्रम बंद करण्याचे ठरवले. वाहिनी म्हणते की तोटा होता. टीकाकार म्हणतात की राष्ट्राध्यक्षांना खूश करण्यासाठी हे केले. आपण खरे काय मानावे?
— एक निवृत्त शिक्षक, सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि म्हणूनच 'हे की ते' असे विचारले की उत्तर हाती लागत नाही. आधी तारखा पाहू. ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, डोनाल्ड ट्रम्प यांनी सीबीएसवर दावा दाखल केला. 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमातील कमला हॅरिस यांच्या मुलाखतीची काटछाट हॅरिस यांना सोयीची होईल अशी केली, हा त्यांचा आरोप होता. कायद्याच्या अनेक जाणकारांना हा दावा टिकेल असे वाटत नव्हते. तरीही जुलै २०२५ च्या आरंभी सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंट हिने १ कोटी ६० लाख डॉलर देऊन तो मिटवला. १४ जुलै रोजी कोल्बेर यांनी आपल्याच मालकांच्या या तडजोडीला भर कार्यक्रमात 'भली मोठी लाच' म्हटले. १७ जुलै रोजी त्यांनीच समोर बसलेल्या प्रेक्षकांना सांगितले की मे २०२६ मध्ये कार्यक्रम संपेल, आपल्या जागी दुसरे कोणी येणार नाही, १९९३ पासून चालत आलेला 'द लेट शो'च बंद होत आहे. त्यांना स्वतःला ही बातमी आदल्या रात्री कळली होती. पुढे २४ जुलै रोजी पॅरामाउंट आणि स्कायडान्स या कंपन्यांच्या, तोवर मंजुरीसाठी अडून असलेल्या, सुमारे ८ अब्ज डॉलरच्या विलीनीकरणाला तेथील केंद्रीय दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, मंजुरी दिली.

आता पैशाची बाजू. अमेरिकेत रात्री साडेअकरानंतर टीव्हीसमोर बसणारा प्रेक्षक वेगाने कमी झाला आहे. तरुण मंडळी त्याच कार्यक्रमाचे चार मिनिटांचे तुकडे दुसऱ्या दिवशी मोबाइलवर पाहतात, आणि त्या तुकड्यांवर वाहिनीला पूर्वीसारखी कमाई होत नाही. मोठ्या वाहिन्यांच्या रात्रीच्या कार्यक्रमांचे जाहिरात उत्पन्न २०१८ मध्ये सुमारे ४४ कोटी डॉलर होते, ते २०२४ पर्यंत सुमारे २२ कोटींवर, म्हणजे निम्म्यावर आले. कोल्बेर यांच्या कार्यक्रमाला वर्षाकाठी सुमारे ४ कोटी डॉलर तोटा होत असल्याच्या बातम्या अमेरिकी वृत्तपत्रांनी दिल्या. त्यानंतरच्या वेळेतला जेम्स कॉर्डन यांचा कार्यक्रम याच वाहिनीवर २०२३ मध्येच संपला होता. तेव्हा तोट्याची सबब हवेतून काढलेली नाही.

मग संशय का फिटत नाही? एक तर हा कार्यक्रम त्याच्या वेळेत सर्वाधिक पाहिला जाणारा होता. ज्याला प्रेक्षक आहे तो खर्चिक कार्यक्रम आधी काटकसरीने चालवून पाहतात. येथे तेहतीस वर्षांचे नावच पुसण्याचे ठरले. दुसरे म्हणजे वाहिनीच्या निवेदनातच 'हा निर्णय निव्वळ आर्थिक आहे, पॅरामाउंटमध्ये चाललेल्या इतर घडामोडींशी त्याचा संबंध नाही' असे म्हटले होते. कोणी विचारण्याआधी दिलेला खुलासा ऐकणाऱ्याला नको तिकडे पाहायला लावतो. माझ्या मते तोटा खरा होता; मुहूर्त मात्र तोट्याने काढलेला नव्हता.

प्रश्न : मालकाचा पैसा, मालकाचा कार्यक्रम. आमच्याकडे एखादे नाट्य मंडळ तोट्यात गेले की पुढच्या हंगामात उभे राहत नाही. त्याला कोणी अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा प्रश्न म्हणत नाही. मग अमेरिकेच्या बाबतीत एवढा गहजब कशासाठी?
— झाडीपट्टीतील एका नाट्य मंडळाचे व्यवस्थापक, देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली

उत्तर : आपला युक्तिवाद निम्मा मान्य आहे. तोट्यातला कार्यक्रम चालवण्याची सक्ती कोणत्याही मालकावर करता येणार नाही. पण झाडीपट्टीतील मंडळ आणि पॅरामाउंट यांच्यात एक फरक आहे, आणि माझ्या दृष्टीने सगळे प्रकरण त्या एका फरकावर उभे आहे. आपले मंडळ दिवाळीपासून होळीपर्यंतच्या प्रयोगांवर जगते. बुकिंग आले तर चालते, नाही आले तर बसते. प्रयोगाच्या परवानगीपलीकडे आपला दुसरा कोणता धंदा सरकारच्या मंजुरीसाठी अडकलेला नसतो.

आता असे समजा की आपल्या मंडळाच्या मालकाची राइस मिल आहे, आणि आधारभूत खरेदीतील शासकीय धानाच्या भरडाईचे काम मिळावे म्हणून त्याने केलेला अर्ज कार्यालयात पडून आहे. त्याच महिन्यात आपल्या नाटकातील विनोदी नट एका वजनदार पुढाऱ्यावर दोन टाळ्यांची वाक्ये घेतो. तिसऱ्या दिवशी मालक सांगतो की नाटक तोट्यात आहे, आता प्रयोग नकोत. आणि पुढच्या आठवड्यात भरडाईचे काम मंजूर होते. हिशेबाची वही काढली तर तोटा खरोखरच दिसेल. तरीही वडशाच्या चहाच्या टपरीवर एकही माणूस त्या वहीवर विश्वास ठेवणार नाही, आणि त्याला वेड्यात काढण्याचे धाडस आपण करणार नाही.

पॅरामाउंटची राइस मिल म्हणजे ते विलीनीकरण होते. विनोदाच्या धंद्यात गुंतलेल्या रकमेपेक्षा कितीतरी मोठी रक्कम दुसऱ्या धंद्यात अडकली होती, आणि त्याची किल्ली सरकारी आयोगाकडे होती. अशा मालकाला धमकी देण्याची गरजही पडत नाही. तो स्वतःच हिशेब करतो. आज वृत्तवाहिन्या आणि करमणुकीच्या वाहिन्या ज्यांच्या हाती आहेत ते उद्योगसमूह सरकारच्या परवानग्यांवर किती अवलंबून आहेत, हे पाहिल्याशिवाय 'मालकाची मर्जी' हा शब्दप्रयोग मी तरी निष्पाप मानत नाही.

प्रश्न : जिमी किमेल या दुसऱ्या विनोदी सूत्रसंचालकाच्या प्रकरणातही सरकारने लेखी आदेश काढला नव्हता. आदेशच नसेल तर त्याला दडपण कसे म्हणता येईल? आणि किमेल परत आले, कोल्बेर यांचा निर्णय मात्र फिरला नाही, असे का?
— पत्रकारितेची एक विद्यार्थिनी, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आपले दोन्ही प्रश्न एकमेकांना जोडलेले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये चार्ली कर्क या उजव्या विचारांच्या कार्यकर्त्याची युटा राज्यात गोळी झाडून हत्या झाली. त्यावरून चाललेल्या राजकारणावर किमेल यांनी एबीसी या दुसऱ्या वाहिनीवरील आपल्या कार्यक्रमात टिप्पणी केली. १७ सप्टेंबर रोजी एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी एका मुलाखतीत किमेल यांच्याबद्दल वाहिनीला असे सुनावले की हे सोप्या मार्गाने करता येईल किंवा अवघड मार्गाने. अमेरिकेत एफसीसीचा परवाना राष्ट्रीय वाहिनीला नसतो, तो गावोगावच्या प्रक्षेपण केंद्रांना असतो. म्हणून काही तासांतच केंद्रांच्या मालक कंपन्या हलल्या. नेक्सस्टार या कंपनीने आपल्या केंद्रांवर किमेल यांचा कार्यक्रम दाखवणार नाही असे जाहीर केले, आणि सिंक्लेअर या दुसऱ्या मोठ्या कंपनीनेही तेच केले. नेक्सस्टारला त्याच सुमारास टेग्ना ही कंपनी ६.२ अब्ज डॉलरना विकत घ्यायची होती आणि त्यासाठी मंजुरी हवी होती ती एफसीसीचीच. पुन्हा राइस मिल! त्याच संध्याकाळी एबीसीने कार्यक्रम बेमुदत थांबवला.

आदेश नसतानाही हे दडपण ठरते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येच एकमताने स्पष्ट केले होते. न्यूयॉर्कच्या वित्तीय नियामक अधिकाऱ्यांनी विमा कंपन्यांवर दबाव आणून बंदूकधारकांच्या 'नॅशनल रायफल असोसिएशन' या संघटनेशी व्यवहार तोडायला लावले, असा आरोप होता. अधिकाऱ्याला स्वतःला जे करण्याची मनाई आहे ते तो तिसऱ्याच्या मानेवर बसून करवून घेऊ शकत नाही, असा त्या निकालाचा सारांश आहे. हा निकाल मिळाला तो उजव्या बाजूच्या संघटनेला, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. खुद्द ट्रम्प यांच्या पक्षाचे सिनेटर टेड क्रूझ यांनी कार यांची भाषा गुंडांच्या टोळीची असल्याचे म्हटले, त्यामागे हीच भीती होती. आज आपल्या हातातले हत्यार उद्या दुसऱ्याच्या हाती जाते.

किमेल २३ सप्टेंबर रोजी परत आले, कारण तेथे धमकी उघड, ध्वनिमुद्रित आणि तारखेसह उपलब्ध होती. एबीसीची मालक कंपनी डिस्नी हिची वर्गणी लोक रद्द करू लागले, कलावंतांनी पत्रके काढली, आणि प्रत्येकाला बोट दाखवायला एक वाक्य होते. कोल्बेर यांच्या बाबतीत असे वाक्य नाही. आहे तो फक्त तारखांचा क्रम आणि सोबत खराखुरा तोटा. पत्रकार म्हणून आपल्याला पुढे ही दुसऱ्या प्रकारचीच प्रकरणे जास्त भेटतील, तेव्हा वाक्य सापडत नाही म्हणून बातमी सोडू नये. मालकाचे कोणते अर्ज कोणत्या कार्यालयात प्रलंबित आहेत, ते शोधावे.

प्रश्न : आम्ही कापूस पिकवणारी माणसे. आमच्या घरी रात्री साडेनऊला टीव्ही बंद होतो. या भानगडीशी आमचा काय संबंध?
— एक शेतकरी, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : कोल्बेर यांच्याशी काही नाही. पण 'काय लिहायचे ते सांगायचे नाही, फक्त धंद्याची नाडी दाबायची' ही पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. वर्तमानपत्राने किती पानांना किती किंमत लावावी हे ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारने १९५६ च्या कायद्याने घेतला. पुण्याच्या 'सकाळ'ने त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरवला. पानांवर बंधन घातले की विचारांच्या प्रसारावरच बंधन येते, ही त्या निकालाची भूमिका आजही आधाराला घेतली जाते. अलीकडचे उदाहरण मल्याळम भाषेतील 'मीडियावन' या वाहिनीचे: २०२२ मध्ये तिच्या परवानगीचे नूतनीकरण सुरक्षेच्या कारणावरून नाकारले गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. विनोदाचे म्हणाल तर मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांनी एकनाथ शिंदे यांच्यावर केलेल्या विडंबनानंतर मुंबईत खार येथील ज्या जागेत कार्यक्रम झाला त्या जागेची शिवसैनिकांनी मोडतोड केली, आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेचे पथक बांधकामावर कारवाई करण्यासाठी तेथे पोचले. फटका बसला तो जागेला. बोलणारा बोलतच राहील, पण त्याला पुढच्या वेळी जागा देताना मालक दहादा विचार करील.

प्रश्न : आमच्या गावी दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे जत्रेला, खडी गंमत हे लोकनाट्य होते. गेल्या वर्षी गंमतीत विनोद करणाऱ्या गड्याने गावच्या अर्धवट रस्त्यावरून एका स्थानिक पुढाऱ्याला टोमणा मारला. लोक पोट धरून हसले. या वर्षी परवानगी मागायला गेलो तर तोंडी 'बघू' एवढेच उत्तर मिळते. टोमणा काढून टाकतो असे सांगून मोकळे व्हावे का?
— मंडई समितीचे एक सदस्य, जि. भंडारा

उत्तर : तसे सांगू नये, एकदा सांगितले की पुढच्या वर्षी संहिता दाखवायला बोलावतील. 'बघू' या उत्तराची अडचण अशी की त्याविरुद्ध कोठे जाता येत नाही, म्हणून पहिले काम त्याला कागदावर आणण्याचे. ग्रामपंचायतीकडे आणि पोलीस ठाण्यात स्वतंत्र लेखी अर्ज द्यावा. त्यात दिनांक, जागा, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ व समितीतील दोन जबाबदार व्यक्तींची नावे लिहावीत आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घेऊन पोच ठेवावी. उत्तर आले नाही तर नकाराची कारणे लेखी द्यावीत असे स्मरणपत्र द्यावे, आणि अर्जावर काय कार्यवाही झाली याची माहिती माहितीच्या अधिकारात मागावी. त्या उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, तेव्हा धान कापणीला येण्याआधीच ही धावपळ सुरू करावी. भाऊबीज उजाडल्यावर सुरू केलेली धावपळ कामाची नाही.

आपली कच्ची बाजूही सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्या जागी ध्वनिक्षेपकाला आणि वाद्यांनाही मनाई आहे. वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्याला आहे. आपली गंमत रात्रभर रंगते, हे साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे. ज्याला टोमणा खुपला तो टोमण्याचे नाव काढणारच नाही, तो भोंग्याचे नाव काढील. म्हणून सवलतीच्या दिवसांत आपला दिवस बसतो का याची जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी, आणि बसत नसेल तर गंमत लवकर सुरू करून दहाच्या आत संपवण्याची तयारी ठेवावी.

टोमण्याबद्दल एवढेच की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीचा गुन्हा आहे, तेव्हा 'पैसे खाल्ले' असे थेट म्हणण्याऐवजी रस्त्याच्या कडेला लावलेला कामाचा फलक गड्याकडून पाठ करून घ्यावा. कामाची रक्कम, कंत्राटदार आणि काम पूर्ण करण्याची तारीख त्यावर लिहिलेली असते. ती त्याने कीर्तनाच्या चालीवर जशीच्या तशी म्हटली, तर पुढचे वाक्य प्रेक्षकच म्हणतील. फलकाचा फोटो मात्र आजच काढून ठेवावा.