पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचं दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा. तिच्यावर जागतिक पातळीवर ठराव होतात, त्याचा गावातल्या रुग्णाला काही उपयोग होतो का?

होतो, पण आपण मागे लागलो तर.

माझ्या सासूबाईंना तोंडाचा कॅन्सर होता. आमचं गाव मालवण तालुक्यात. मोठ्या हॉस्पिटलातून "आता घरी न्या" एवढं सांगून सोडलं. घरी नेऊन करायचं काय, ते कोणी सांगितलं नाही. रात्रभर कळा. गालावरच्या जखमेचा वास इतका, की नातवंडं जवळ यायची बंद झाली. दुखण्यापेक्षा त्यांना तेच जास्त लागलं. मला म्हणायच्या, "गो, माका बरा करू नको. एक रात झोप व्हयी."

शेवटी ओळखीतून दुसऱ्या जिल्ह्यात एक डॉक्टर मिळाले. तीव्र वेदना कमी करणाऱ्या मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी दर ४ तासांनी, सोबत पोट साफ होण्याचं औषध, आणि वास जावा म्हणून जखमेवर मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड. काही दिवसांनी धाकटी नात त्यांच्या गोधडीत शिरून बसली. सगळी स्वस्तातली औषधं, पण मॉर्फिन आमच्या तालुक्यात कुठे मिळालं नव्हतं.

का, ते मी नंतर वाचून काढलं. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिनला इतके परवाने लागत, की ते ठेवायलाच कोणी धजत नसे. भारतातल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ साली कायदा बदलला. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने ठराव केला, की पॅलिएटिव्ह केअर प्रत्येक देशाच्या आरोग्य व्यवस्थेत असावी, प्राथमिक केंद्रापासून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना तिची गरज असते, मिळते फक्त १४ टक्क्यांना. केरळने तर २००८मध्येच धोरण केलं होतं. तिथे पंचायती घरोघरी नर्स पाठवतात. आपल्याकडे का नाही, हा प्रश्न मला अजून छळतो.

तरी एक गोष्ट आपल्या हातात आली आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, द्यायच्या १२ सेवांमध्ये पॅलिएटिव्ह केअर कागदोपत्री आहे. सासूबाईंच्या वेळी मला हे ठाऊक असतं, तर मी विनवण्या करत फिरले नसते.

तुमच्या वाडीत कोणी अंथरुणाला खिळलं असेल, तर आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) नाव नोंदवायला सांगा. जिल्ह्यात मॉर्फिन कुठे मिळतं, हे ग्रामसभेत विचारा आणि उत्तर लेखी मागा.