दसऱ्याचा झेंडू : जात ओळखा, तारीख मागे मोजा

प्रश्न : 'अष्टगंधा' म्हणून रोपं आणली, निम्म्या झाडांना एकेरी फुलं आली. यंदा दसऱ्यासाठी लागवड कधी करू? दुकानदार फुलं लवकर येण्याचं टॉनिक देतोय, मारू का?

उत्तर : टॉनिक मारू नका. तारीख चुकली की बाटलीतून भरून निघत नाही.

चार पानांच्या रोपावरून जात कोणालाच ओळखू येत नाही, विकणाऱ्यालाही नाही. ढोबळ फरक एवढाच : आफ्रिकन झेंडू कमरेपर्यंत जातो, फूल मोठं, एकरंगी. फ्रेंच बुटका, पसरट, छोट्या फुलांवर तांबूस छटा. तो कुंडीला, वाफ्याच्या कडेला. तोरणाला आफ्रिकनच. आता तुमचं फूल उभं फाडून पाहा. कडेला पाकळ्यांची एकच रांग आणि मध्ये बारीक नळ्यांचा गठ्ठा असेल, तर रोपवाटिकेने बहुधा संकरित झाडाचं बी धरलंय. ती झाडं उपटा. कोणत्याही औषधाने त्यांची फुलं डबल, म्हणजे भरगच्च, होणार नाहीत. घरचं बी धरायचं तर 'पुसा नारंगी गेंदा'सारखी सरळ (संकरित नसलेली) जात घ्या, शेजारी दुसरा झेंडू नको. आणि रोपं घेताना पक्कं बिल मागा. बिल नसेल तर तक्रारीला आधार राहत नाही.

२०२५ला दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ला अधिक ज्येष्ठ आल्याने तो २० ऑक्टोबरला आहे. गेल्या वर्षीच्या तारखेला लावाल तर फूल सणाआधीच उतरेल. संकरित आफ्रिकन जातीला लागवडीपासून साधारण दोन महिने धरा, शेंडा खुडल्याने लांबणारा आठवडा त्यात मिळवा, म्हणजे रोपांची पुनर्लागवड ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, बी त्याआधी तीन-चार आठवडे. सगळं रान एकाच दिवशी लावू नका. दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्पे करा, दिवाळीही सापडते.

लागवडीनंतर महिनाभरात शेंडा खुडा. हे मी प्रत्येक शिवारात सांगतो आणि निम्मे लोक टाळतात, कारण फूल आठवडाभर लांबतं. लांबू द्या, फांद्या वाढतात, फुलं वाढतात. वरच्या तारखेत तो आठवडा धरलेलाच आहे.

कळी दिसल्यावर युरिया टाकू नका. पाला माजतो, फूल मागे पडतं, खोड लुसलुशीत होऊन पावसात लोळतं. पानावर पांढुरके ठिपके आणि खाली जाळी दिसली तर तो लाल कोळी, पानातला रस शोषणारी बारीक कीड. दुकानदार हमखास सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक देईल. घेऊ नका. त्याने कोळी खाणारे मित्रकीटक मरतात, कोळी आणखी वाढतो. कोळीनाशकच घ्या, लेबलवरच्या मात्रेत. दुप्पट नको, तीन औषधं एका पंपात नकोत, 'सोबत थोडं हे पण' तर मुळीच नको.

लागवडीचं अनुदान फलोत्पादन अभियानातून, अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर, पूर्वसंमती आधी आणि खरेदी नंतर. बाकी माहिती सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक).

तोडणी सकाळी दव उडाल्यावर करा. ओलं फूल क्रेटमध्ये दाबून भरलं की मार्केटला पोहोचेपर्यंत खालचा थर काळा पडतो, आणि व्यापारी भाव त्याच थराचा लावतो.