तळहातांवरचा सोरायसिस ‘सौम्य’ कसा ठरतो?

दोन्ही तळहात भेगाळून भाकरी थापणे अशक्य झाले असताना डॉक्टरांनी कागदावर ‘सौम्य’ असे का लिहिले, असे आपण विचारले आहे. माझाही सोरायसिस तळहातांवरच असल्याने हा प्रश्न मलाही फार छळत असे.

बहुधा त्यांनी व्याप, म्हणजे त्वचेचा किती भाग आजाराने व्यापला आहे, तेवढेच पाहिले असावे. रुग्णाच्या स्वतःच्या बोटांसह तळहाताएवढी जागा म्हणजे साधारण १ टक्का त्वचा, असा ढोबळ हिशेब असतो. सोरायसिसची तीव्रता मोजणारा, १९७८ पासून वापरात असलेला ‘पासी’ हा निर्देशांक याहून बारीक आहे. त्यात डोके, हात, धड आणि पाय यांवरील लाली, जाडी व खपल्या यांना प्रत्येकी ० ते ४ आणि व्यापाला ० ते ६ गुण देतात. मग त्या भागांना अनुक्रमे १०, २०, ३० व ४० टक्के महत्त्व देऊन ७२ पैकी गुण काढतात. आता तळहातांवर तिन्ही लक्षणे ३-३ गुणांची, म्हणजे चांगलीच तीव्र आहेत, पण हातांचा एकूण १० टक्क्यांहून कमी भाग व्यापला आहे, असे समजा. गुण येतात ०.२ × ९ × १, म्हणजे अवघे १.८! सावळ्या त्वचेवर लाली जांभळट किंवा तपकिरी दिसते, त्यामुळे तिचे गुणही कमी पडण्याचा संभव असतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी, त्वचारोगाचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो हे मोजणारी ‘डीएलक्यूआय’ ही प्रश्नावली आहे. ती १९९४ मध्ये वेल्समधील कार्डिफच्या फिनले आणि खान या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. गेल्या आठवड्यातील खाज, संकोच, घरकाम, कपडे, नोकरी, जवळच्यांशी संबंध अशा बाबींवर तिच्यात १० प्रश्न असून एकूण गुण ३० असतात. १० च्या वर गेल्यास परिणाम फार मोठा मानतात. माझा पासी २ च्याही आत असताना येथे १४ गुण आले. दुकानात गिऱ्हाईक सुटे पैसे माझ्या हातावर न ठेवता काचेवर ठेवी, ते प्रथमच कुठेतरी मोजले गेले.

व्यापाची टक्केवारी, पासी किंवा डीएलक्यूआय यांपैकी एक जरी १० च्या वर असेल तरी आजार तीव्र समजावा, असा फिनले यांचाच नियम आहे. शिवाय तळहात, तळपाय, नखे, टाळू आणि जननेंद्रिये या जागी व्याप थोडा असूनही गोळ्या-इंजेक्शनांचा विचार करता येतो. म्हणून पुढच्या भेटीत ही प्रश्नावली आपण होऊन मागावी आणि सकाळी बोटांचे सांधे आखडत असल्यास तेही अवश्य सांगावे. त्याचे गुण यांपैकी कशातही धरले जात नाहीत.