तीन खोल्या, तिघं आणि एकच मोठी बेडरूम

प्रश्न : आम्ही कॉलेजचे तिघं मित्र तीन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने घेतोय. एक खोली मोठी, तिला स्वतंत्र बाथरूम. दुसरी मध्यम, तिसरी अगदीच लहान. मोठी सगळ्यांनाच हवी. चिठ्ठ्या टाकाव्यात का?

उत्तर : भाडं समान ठेवून चिठ्ठ्या टाकू नका. लहान खोलीवाल्याची कुरकुर दुसऱ्या महिन्यात सुरू होते, आणि ती रास्तच असते. खोलीगणिक भाडं वेगळं ठेवा.

ते नुसत्या चौरस फुटांवर बेतू नका. हॉल-स्वयंपाकघर सगळ्यांचंच असतं. शिवाय पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते, बाल्कनीची वाट ज्या खोलीतून जाते तिथे कोणीही केव्हाही शिरतं, आणि पलंग लावल्यावर कपाटाचं दार अर्धंच उघडतं. हे टेपवर दिसत नाही. दुपारी आणि रात्री प्रत्येक खोलीत दार लावून बसून पाहा.

मग एकूण भाडं १०० धरा. प्रत्येकाने, दुसऱ्याला न दाखवता, तिन्ही खोल्यांची आपल्या लेखी किंमत लिहायची. बेरीज १०० च. समजा (मोठी, मध्यम, लहान या क्रमाने) अ लिहितो ४५, ३०, २५; ब ४०, ३४, २६; क ४२, ३१, २७. ज्या वाटपात प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या खोलीला लिहिलेल्या किमतींची बेरीज सर्वांत जास्त, ते धरायचं. इथे अ मोठी, ब मध्यम, क लहान : ४५+३४+२७ = १०६. वरचे ६ तिघांत वाटले की प्रत्येकाला २ ची सूट. भाडं झालं ४३, ३२ आणि २५. प्रत्येकजण स्वतः लिहिलेल्यापेक्षा कमीच देतो.

आता एकेकाला विचारा : या दरात दुसऱ्याची खोली जास्त बरी वाटते का? वरच्या आकड्यांत कुणालाच वाटत नाही. तुमच्या आकड्यांत वाटली, तर सूट समान न ठेवता थोडी इकडे-तिकडे करा. असा तोडगा काही साध्या अटींवर नेहमी निघतोच, हे गणितज्ञ फ्रान्सिस सू यांनी १९९९ मध्ये सिद्ध केलं आहे. दोन वाटपांची बेरीज सारखीच आली, तर मात्र खुशाल चिठ्ठी टाका.

हे सगळं सामान आत यायच्या आधी करा. एकदा पलंग लागला की खोली 'माझी' होते आणि आकडे फुगतात. एसी एकाच खोलीत असेल तर त्याला वेगळा सबमीटर लावा. ते वीजबिल भाड्यात मिसळू नका. मध्येच कोणी सोडून गेला, तर नव्या माणसाला त्याच खोलीचा ठरलेला वाटा, की पुन्हा किमती लिहायच्या, हेही आत्ताच लिहून सह्या करा.