संवाद नसताना नट खोल भावना कशी पोचवतो? चेहऱ्याचे व्यायाम करून ते जमतं का?

व्यायामाने चेहरा मोकळा होतो, एवढंच. आरशासमोर बसून दुःख बसवणारे नट मी पाहिलेत. प्रत्येक नाटकात ते तेच दुःख घेऊन येतात.

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी जत्रेला देवळाच्या मंडपात नाटक होतं. वीसेक वर्षांपूर्वी मला कुळागरवाल्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या मालक म्हाताऱ्याची भूमिका होती. मुलगा बुडाल्याची बातमी येते आणि त्या जागी म्हाताऱ्याला एकही वाक्य नाही. दिग्दर्शक म्हणाले, छाती पिटून हंबरडा फोड. मी म्हटलं, हा माणूस तसा नाही. तो सुपारी कातरत बसलाय, त्याचा हात तेवढा थांबेल. "मंडपाच्या टोकाला बसलेल्याला तुझं थांबणं दिसणार आहे?" असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. तालमींत मी मुकाट्याने हंबरडा फोडत राहिलो. प्रयोगाला फोडला नाही.

प्रवेश सुरू झाल्यापासून मी कातरत होतो. खालचा माइक अडकित्त्याची कट्‌कट् ओढून घेत होता आणि चारपाच मिनिटांत लोकांच्या कानांना तिची सवय झाली होती. बातमी आली तेव्हा अडकित्ता सुपारीत अर्धा रुतलेला. तिथेच ठेवला. सुनेचं काम करणाऱ्या मुलीने माझ्या तोंडाकडे न बघता त्या हाताकडे पाहिलं. ते तिला कोणीही सांगितलेलं नव्हतं, आणि त्या प्रवेशाचं अर्धं श्रेय तिचं आहे. रंगमंचावरची माणसं बघतात तिकडेच प्रेक्षक बघतो. मग मी तेच खांड पूर्ण कातरलं, तबकात ठेवलं आणि पुढची सुपारी घेतली. यावेळी लय मोडलेली.

सकाळी खाज्याच्या दुकानावरची बाई म्हणाली, "आवाज रावलो आनी हांवें मान वयर काडली." म्हणजे आवाज थांबला आणि मी मान वर केली. ती रंगमंचाकडे बघतच नव्हती, गिऱ्हाइकाला खाजं तोलत होती! मंडपाचं टोक म्हणजे तिचंच दुकान. दिग्दर्शकांना मी हे सांगितलं. शिस्त मोडलीस, एवढंच ते बोलले, आणि पुढच्या वर्षी मला भूमिका दिली नाही.

नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव दिलेत. पहिला स्तंभ, म्हणजे अंग जागच्या जागी थिजणं. अश्रू सातवे. भरताने तो क्रम महत्त्वाप्रमाणे लावला असं मी म्हणत नाही, पण रडणं म्हणजेच अभिनय असं मानणाऱ्यांनी तो श्लोक एकदा वाचावा. रशियात शंभरएक वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या चित्रपट दिग्दर्शकाने एका नटाचा तोच कोरा चेहरा आधी सूपच्या बशीला, मग शवपेटीतल्या मृताला जोडून दाखवला. लोकांना एकदा त्यात भूक दिसली, एकदा शोक. चेहरा बदललाच नव्हता. प्रेक्षक भरून घेतो. नटाने त्याला जागा ठेवायची असते.

हे सगळं घरगुती, आजच्या काळातल्या नाटकाबद्दल आहे. दशावतारात संकासुर राक्षस असा थिजून बसला तर खेळ पडेल. तिथे मोठंच हवं. कॅमेऱ्यापुढे मी कधी काम केलेलं नाही, तिथे पापणीसुद्धा मोठी दिसते म्हणतात.

तुम्हाला करून बघायचं असेल तर पात्राच्या हाताला खरं काम द्या, भाजी निवडणं, वात वळणं, काहीही, आणि ते घरी इतकं करा की लक्ष न देता होईल. मग बातमी येते त्या क्षणी त्या कामाचं काय होतं ते बघा. आणि दिग्दर्शक हंबरडा मागत असतील तर एका तालमीला त्यांना मंडपाच्या टोकाला, रंगमंचाकडे पाठ करून उभं राहायला सांगा. हात थांबला की ते वळतात का, बघा.