गेम अजून आलाच नाही, मग ही गुंतलीय कशात?

"खेळत असती तर एक वेळ समजलं असतं, मॅडम. पण तो गेम अजून आलेलाच नाही!"

समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत हे वाक्य इतक्या आईवडिलांकडून ऐकलंय की त्यांनी सुरुवात केली की शेवट मला माहीत असतो. मुलगा किंवा मुलगी तासन्‌तास एका येऊ घातलेल्या गेमचे व्हिडिओ बघते. त्यात काय असणार, काय नसणार, भिंती गोल करता येणार का, कुत्रा पाळता येणार का, यावर कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांशी रात्री उशिरापर्यंत गप्पा मारते. घरात दोन शब्द न बोलणारं पोर या विषयावर सुटलं की थांबत नाही. एका वडिलांनी मला सरळच विचारलं, "हे व्यसनात बसतं की वेडात?"

दोन्हींत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टी खेळापुढे मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळ सुरूच राहणं, आणि साधारण वर्षभर हे असंच चालून शिक्षण, काम, नाती यांची घडी विस्कटणं, अशी त्याची लक्षणं आहेत. न आलेल्या गेमची वाट बघणं त्यात कुठेच नाही. हे सांगितलं की पालक सुटकेचा श्वास टाकतात आणि उठायला लागतात. मी त्यांना परत बसवते. कारण त्यांना जे खुपतंय ते खोटं नसतं, फक्त बोट चुकीच्या जागी ठेवलेलं असतं.

आधी या खेळांबद्दल थोडं. यांना लाइफ सिम्युलेशन म्हणतात, म्हणजे आयुष्याची नक्कल. यात बंदुका नाहीत, मारामाऱ्या नाहीत, जिंकणं-हरणंही नाही. एक माणूस घडवायचा, त्याला घर बांधून द्यायचं, नोकरीला पाठवायचं, त्याची भांडणं, लग्न, म्हातारपण बघायचं. या प्रकारातला सगळ्यांत गाजलेला 'द सिम्स' २००० साली आला. तो रचणाऱ्या विल राइट यांचं घर १९९१ मध्ये अमेरिकेत ओकलंडच्या वणव्यात जळालं होतं. नव्यानं संसार मांडताना माणसाला नक्की काय काय लागतं, या विचारातून त्यांना या खेळाची कल्पना सुचली. मी हे पालकांना मुद्दाम सांगते. "टाइमपास" हा शब्द त्यानंतर जरा कमी ऐकू येतो.

आता मुक्ताबद्दल. नाव आणि ओळखीचे तपशील बदललेत. वय सव्वीस, स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी, मग राज्यसेवेची तयारी. काही वर्षं पुण्यात पेठेतल्या खोलीत आणि अभ्यासिकेत काढून ती घरी परतलेली. आईच तिला घेऊन आली होती. पहिला बराच वेळ आईच बोलली. मुक्ता माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

मी तिला विचारलं, "कोणता गेम गं?"

"तुम्हाला खरंच ऐकायचंय, की मला बोलतं करायची ही पद्धत आहे?"

"दोन्ही."

ती हसली आणि बोलायला लागली. गेमचं नाव पॅरालाइव्हज्. कॅनडातल्या मॉन्ट्रियलची छोटी टीम, २०१९ मध्ये घोषणा झालेली, तेव्हापासून चाहत्यांच्या दरमहाच्या वर्गणीवर काम चाललेलं. भिंती चौकटीत अडकलेल्या नाहीत, हव्या तशा वळवता येतील. कपाट माउसनं ओढून लांबरुंद करता येईल. माणसाची उंची कमीजास्त करता येईल, "म्हणजे नवरा बुटका आणि बायको उंच असंही चालेल". आणि पुढची भर विकत घ्यावी लागणार नाही, असं टीमनं सांगून ठेवलंय. मग ती 'सिम्स'च्या चौथ्या भागावर घसरली. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये तो आला तेव्हा त्यात पोहण्याचा तलावच नव्हता. दुडदुडणारी मुलंही नव्हती, पाळण्यातलं बाळ थेट शाळेच्या वयाचं व्हायचं. तलाव दोन महिन्यांत आला, मुलांना मात्र जानेवारी २०१७ उजाडला. 'लाइफ बाय यू' नावाचा आणखी एक गेम येणार होता. त्याच्या तारखा पुढे पुढे जात राहिल्या आणि जून २०२४ मध्ये कंपनीनं तो रद्दच करून टाकला.

"त्या दिवशी मी रडले होते," ती म्हणाली.

आई म्हणाली, "एवढ्या तारखा पाठ आहेत, आणि राज्यघटनेची कलमं मात्र..."

मी त्यांना हातानंच थांबवलं. पुढच्या वेळेपासून मुक्ता एकटी येऊ लागली.

मधल्या काही भेटी मी गाळते. त्यांत झोप, जेवणाच्या वेळा, पुण्यातली एक तुटलेली मैत्री असं बरंच काही होतं. मला सांगायचंय ते एका दुपारचं.

त्या वर्षीची राज्यसेवा पूर्वपरीक्षा २८ सप्टेंबर २०२५ ला होती. राज्यात अतिवृष्टी झाली, पूर आले आणि परीक्षा ९ नोव्हेंबरवर गेली. त्याच नोव्हेंबरात पॅरालाइव्हज्‌च्या टीमनं जाहीर केलं की ८ डिसेंबरला येणारा गेम आता २५ मे २०२६ ला येईल. मी सहज विचारलं, "तारीख पुढे गेली तेव्हा काय वाटलं?"

"कोणती तारीख? परीक्षेची की गेमची?"

मी गेमबद्दल विचारत होते, पण तसं सांगितलं नाही. तीही आपल्याच प्रश्नाशी थबकली. अशा वेळी नवशिक्या समुपदेशकाला फार मोह होतो. दोन धागे समोर पडलेले असतात, गाठ मारून द्यायला हात शिवशिवतात. इतक्या वर्षांत मी काही शिकले असेन तर ते हात मांडीवर ठेवायला. पंख्याचा आवाज ऐकत आम्ही दोघी बसून राहिलो.

मग ती सावकाश म्हणाली, "गेमची तारीख गेली तेव्हा राग आला. पण त्यांनी लिहिलं होतं ना, की चाचणी घेणाऱ्यांना अजून उणिवा सापडल्यात, गेममधल्या गावात करण्यासारखं अजून हवंय, काय झालंय, काय राहिलंय. वाचलं आणि झोपले. परीक्षेची तारीख गेली तेव्हा मी आईला म्हटलं, 'बरं झालं, अभ्यासाला वेळ मिळाला.' आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले."

"आईला खरं का नाही सांगितलं?"

"काय सांगणार? माझं काय झालंय, काय राहिलंय, हे मी घरी शेवटचं कधी सांगितलं तेच आठवत नाही. ती विचारते 'अभ्यास कसा चाललाय', मी म्हणते 'चांगला'. बास."

इथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तो मी अजून जपून ठेवलाय. या मुलीला वाट बघण्याचा कंटाळा नव्हता. वाट बघण्यात ती तरबेज होती, अगदी सहा-सहा वर्षांची. तिला सोसत नव्हती ती मुकी वाट. एका ठिकाणी कुणीतरी नियमितपणे सांगत होतं की काम कुठवर आलंय, आणि तिच्यासारखे हजारो जण तिथे एकत्र चडफडत होते. दुसऱ्या ठिकाणी ती एकटी होती, आणि बातमी द्यायची जबाबदारी असलेली व्यक्तीही तीच होती.

मी विचारलं, "निवड झाली की काय काय करणार आहेस?"

यादी तयारच होती. केस आखूड कापणार. हंपीला जाणार. पोहायला शिकणार. मावसबहिणीचं लग्न आहे, त्याला जाणार, "म्हणजे तोवर निकाल लागला आणि चांगला लागला तर". आत्ता गेलं की सगळे विचारणार.

"यातल्या कशाकशाला निवड लागते?"

ती बराच वेळ यादीवरून मनातल्या मनात फिरली. "पोहायला नाही लागत," म्हणाली, आणि एकदम तिला हसू फुटलं. "मॅडम, सिम्समध्येपण तलाव नंतर आला."

"मग तोवर लोक काय करत होते?"

"शिव्या देत होते. आणि खेळत होते."

हे वाक्य माझं असतं तर त्याला काडीची किंमत नसती. ते तिचं होतं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर पोसलेली समुपदेशक आहे. डॉ. कि. मो. फडके यांच्यामुळे तो विचार महाराष्ट्रात रुजला आणि माझ्या पिढीच्या अनेकांना त्यानं घडवलं. त्याचा गाभा साधा आहे. 'माझी निवड व्हावी' ही इच्छा, आणि ती निरोगी आहे. 'निवड झालीच पाहिजे, आणि तोवर मला केस कापायचाही हक्क नाही' ही अट. इच्छा माणसाला पहाटे उठवते, अट रात्री झोपू देत नाही. आजकाल सगळं खापर मेंदूतल्या रसायनांवर फोडायची फॅशन आहे, मोबाइल बघितला की अमुक स्रवतं, तमुक वाढतं. असेलही. पण मुक्तानं स्वतःवर लादलेली अट तिनं शब्दांत बांधली होती, आणि शब्दांनीच ती सैल झाली.

पुढचं भराभर घडलं. तिनं घरी दर रविवारी संध्याकाळी चहाच्या वेळी आपली बातमी द्यायचं ठरवलं. काय झालं, काय राहिलं, काय जमणार नाही. अट एकच, ऐकताना कुणी सल्ला द्यायचा नाही. वडिलांना हे फार जड गेलं. तिसऱ्याच रविवारी तिनं सांगितलं की हा प्रयत्न शेवटचा. त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. पण आठवडाभरानं वडिलांनीच विचारलं, "मग त्यानंतरचं काही डोक्यात आहे का?" हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती दोन वर्षं थांबली होती. मावसबहिणीच्या लग्नाला ती गेली. "काय मग, झालं का सिलेक्शन?" हे आलंच. "अजून नाही. सध्या सकाळी एका क्लासमध्ये गणित शिकवते," असं म्हणून ती पंगतीत वाढायला गेली.

आता पालकांसाठी, कारण हे वाचणाऱ्यांत तेच जास्त असतील.

मुलाला त्या गेमबद्दल विचारा आणि पंधरा-वीस मिनिटं नुसतं ऐका. "याचा उपयोग काय?" हा प्रश्न त्या वेळेपुरता गिळा. मात्र ऐकताना मानसशास्त्रज्ञ होऊ नका. त्याला गोल भिंती हव्यात म्हणजे त्याला घराच्या चौकटीतून सुटायचंय, असं काही नसतं. त्याला गोल भिंती हव्यात. तुम्हाला शोधायचं ते वेगळंच आहे: याखेरीज तो आणखी कशाची वाट बघतोय, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलतं का? दहावीचा निकाल, आजोबांचं ऑपरेशन, बदलीची ऑर्डर, आईबाबांमधला अबोला. मुलांना बातमी हवी असते, अर्धवट असली तरी.

"पास झालास तर गेम घेऊन देईन" हा सौदा करू नका. वाट बघणं आधीच अवघड, त्यात तुम्ही आणखी एक अट अडकवता. परवडत असेल तर घ्या, नसेल तर नाही म्हणा. दोन्ही उत्तरं मुलं पचवतात.

पैशाचं मात्र स्पष्ट बोला. असे गेम हल्ली 'अर्ली ॲक्सेस'मध्ये, म्हणजे अपुरे असतानाच विक्रीला येतात. क्राफ्टन या कोरियन कंपनीचा इनझोई मार्च २०२५ मध्ये असाच आला. तो दिसायला देखणा, पण त्याला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि गेमपेक्षा संगणकाचा खर्च मोठा होतो. आठवडाभर थांबून, इतरांचा खेळ बघून मग घ्यायचं, हा नियम बरा. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात, हे मुलांना माहीत असतं. तुम्हालाही असू द्या.

रात्रीच्या जागरणाचं कारण कधी कधी अगदी साधं असतं. मॉन्ट्रियलमध्ये दुपारचे दोन म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. तिथली घोषणा इथे मध्यरात्रीच पोचणार. ती सकाळीही तिथेच असते, एवढं मुलाशी ठरवता येतं.

आणि काळजी कधी करायची? झोप आणि जेवण सलग काही आठवडे बिघडलं, मित्र सुटले, अंघोळीचाही कंटाळा येऊ लागला, किंवा "काही अर्थच नाही" अशी भाषा सुरू झाली, तर गेम येवो न येवो, मदत घ्या. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. जगण्याबद्दलच नको वाटतंय असं मूल म्हणालं तर त्या दिवशी बाकी सगळं बाजूला ठेवा आणि त्याला एकटं सोडू नका.

परवा मुक्ताच्या आईचा फोन आला होता. आवाज पूर्वीपेक्षा मोकळा, पण प्रश्न पुन्हा काळजीचाच. "मॅडम, ती पंचवीस मे आता जवळ आली. आल्यावर दिवसभर खेळतच बसली तर?"

"पहिले दोन-तीन दिवस बसेल. बसू द्या. सोमवार आहे, क्लासला सुट्टी काढलीय का तेवढं तिला विचारा."

"काढलीय. रविवारीच सांगितलं तिनं. आणि मला म्हणते, पहिलं घर तू सांगशील तसं बांधते. आता मला काय येतंय त्यातलं?"

"स्वयंपाकघर कुठे हवं ते सांगा," मी म्हटलं.

"ओट्यासमोर खिडकी पाहिजे," त्या लगेच म्हणाल्या.